सगळ्यात स्वस्त कोटेशन

परवा रविवारी एक मित्र घरी आला होता. मूळचा कोल्हापूरकडचा, सिंगापुरात येऊन वीस वर्षं झाली, आणि गेली काही वर्षं बागा लावून देण्याची आणि राखण्याची कंपनी चालवतो. अकरा कामगार, दोन लॉऱ्या, गवत कापायची यंत्रं, शिड्या आणि सतत वाजणारा एक फोन असा त्याचा संसार. चहा यायच्या आधीच त्याने टेबलावर तीन कागद मांडले. विम्याची तीन कोटेशनं.

"तू इंजिनिअर आहेस. आकडे बघ आणि सांग, यातलं कुठलं घेऊ?"

"तुला कुठलं घ्यायचंय?"

"हे, सगळ्यात स्वस्त. विमा शेवटी विमाच की रे, सगळ्यांचा सारखाच."

या एका वाक्यावरून आमचं जे जुंपलं ते जेवणापर्यंत चाललं. बायकोने दोनदा डोकावून पाहिलं. भांडण मिटलं, पण डोक्यातून जाईना, म्हणून हा लेख.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही ते इथूनच भांडायला मोकळे. धंद्याचा विमा निवडताना "हप्ता किती?" हा पहिला प्रश्न विचारणारा माणूस विमा घेतच नसतो. तो कागद विकत घेत असतो, दाखवायला. पहिला प्रश्न असा हवा: माझ्या कामामुळे कोणाला इजा होऊ शकते, आणि झाली तर पैसे कोण भरणार? या प्रश्नाचं उत्तर कोटेशनमध्ये नसेल तर ते कितीही स्वस्त असो, महागच आहे. फक्त ते तुम्हाला महाग पडत नाही, दुसऱ्याला पडतं.

तुम्ही म्हणाल, सिंगापूरच्या माळ्याच्या विम्याशी आम्हाला पुण्या-मुंबईत काय करायचंय? करायचंय. शेवटी येतो तिथे.

आधी धंदा काय आहे ते बघू. १६ जून १९६३ ला ली क्वान यू यांनी फेरर सर्कसला मेम्पाटचं एक झाड लावलं, आणि तेव्हापासून या शहराने झाडं लावायचं जे मनावर घेतलं ते आजतागायत. रस्त्याच्या कडेला झाडं, पुलांवर वेली, इमारतींच्या भिंतींवर उभ्या बागा, गच्च्यांवर हिरवळ. आपल्याकडून आलेले पाहुणे विमानतळावरून येतानाच "किती हिरवं!" म्हणतात. पण इथे बारा महिने पाऊस आणि बारा महिने ऊन. गवत सुट्टी घेत नाही. जे लावलं ते सतत कापावं लागतं, आणि कापणारी माणसं असतात बांगलादेशी, तमिळ, चिनी. पाहुण्यांना झाडं दिसतात, माणसं दिसत नाहीत. मलाही पहिली काही वर्षं दिसली नव्हती.

या कामात काय काय होऊ शकतं? गवत कापायच्या यंत्राखाली आलेला खडा गोळीसारखा उडतो आणि शेजारी उभ्या असलेल्या गाडीची काच फोडतो. (ही रोजची गोष्ट आहे. नशीब चांगलं असेल तर काच. नसेल तर डोळा.) मोठ्या पामच्या झावळ्या काढताना शिडी सरकते. झाडासाठी खड्डा खणताना जमिनीखालची केबल तुटते. तोडलेली फांदी ठरल्या बाजूला न पडता दुसऱ्याच बाजूला पडते. भिंतीवरच्या बागेला पाणी घालणारा माणूस चौथ्या मजल्याच्या उंचीवर लटकत असतो. इथल्या २०१३ च्या नियमांप्रमाणे ३ मीटरच्या वर पडायचा धोका असेल तर परवाना काढून, देखरेखीखालीच काम करायचं. ३ मीटर म्हणजे आपल्या घराच्या छताइतकी उंची. 'माळीकाम' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे झारी घेतलेले म्हातारे काका येतात. ते चित्र काढून टाका.

तेव्हा इजा तिघांना होऊ शकते. एक, काम करणाऱ्याला. दोन, तिथून जाणाऱ्या कोणालाही. तीन, मालकाच्या सामानाला आणि लॉरीला. गंमत अशी की मित्राच्या डोक्यात क्रम उलटा होता. लॉरीचा विमा उत्तम, पूर्ण भरपाईचा. यंत्रं चोरीला गेली तर त्याचाही. त्यानंतर जाणारे-येणारे. आणि कामगार? "ते सक्तीचं आहे ना, ते कुठलंही चालेल."

सक्तीचं आहे हे खरं. या कायद्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांचा उच्चार इथे 'विका' असा करतात. (मराठी कानाला वाटतं काहीतरी विकायला सांगताहेत. सुरुवातीला मीही हसलो होतो.) काम करताना इजा झाली की भरपाई, असा हा कायदा. चूक कोणाची ते सिद्ध करायची गरज नाही. कामगाराची स्वतःची असली तरी, ठरावीक अपवाद सोडले तर, भरपाई मिळते. कोर्टात जायचं असेल तर तोही रस्ता आहे, पण दोन्ही नाही, एकच निवडायचा. अंगमेहनतीचं काम करणाऱ्या प्रत्येकाचा विमा मालकाने काढायचा, त्याचा पगार कितीही असो. नाही काढला तर १०,००० डॉलरपर्यंत दंड, बारा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

आकडे बघा. १ नोव्हेंबर २०२५ पासून मृत्यूची भरपाई कमीत कमी ९१,००० आणि जास्तीत जास्त २,६९,००० सिंगापूर डॉलर. पूर्ण कायमचं अपंगत्व आलं तर १,१६,००० ते ३,४६,०००. उपचाराचा खर्च ५३,००० पर्यंत किंवा अपघातापासून एक वर्षापर्यंतचा. आणि रजेच्या काळात पगार. यातला मला सगळ्यात मोलाचा आकडा वाटतो तो वरचा नाही, खालचा. 'कमीत कमी' हा. कारण भरपाईचं गणित पगारावरून होतं, आणि या माणसांचा पगार कमी असतो. खालची मर्यादा नसती तर कमी पगाराच्या माणसाचा जीवही कमी किमतीचा ठरला असता.

मग मित्राचं तिसरं कोटेशन इतकं स्वस्त कसं? मी कागद नीट वाचले. (इंजिनिअरचा एवढाच उपयोग. आम्ही खालचं बारीक अक्षर वाचतो.) २०१९ साली केलेला नवा कायदा सप्टेंबर २०२० पासून लागू झाला, तेव्हापासून सरकारने परवाना दिलेल्या कंपन्याच ही पॉलिसी विकू शकतात आणि मुख्य अटी सगळ्यांच्या सारख्या असतात. मग स्वस्ताई येते कुठून? कामगारांची संख्या अकराऐवजी सात लिहिली होती. कामाचं स्वरूप 'बागेची देखभाल' एवढंच. झाडं कापणं, उंचीवरचं काम, याचा उल्लेखच नाही. आणि प्रत्येक क्लेममधली पहिली मोठी रक्कम मालकाच्या खिशातून. एजंट म्हणाला होता म्हणे, "असंच लिहितात सगळे."

हे 'असंच लिहितात सगळे' मी कुठे ऐकलं होतं, ते आठवायला मला फार वेळ लागला नाही. आपल्या मातीतलं आहे ते!

यात होतं काय, तर विमा कंपनी हप्ता घेते सात साध्या माळ्यांचा, आणि धोका असतो अकरा झाडं तोडणाऱ्यांचा. उद्या आठवा माणूस पडला तर? कायदा कामगाराच्या बाजूने बराच भक्कम आहे, त्याला भरपाई द्यावीच लागते. पण कंपनी ते पैसे मालकाकडून वसूल करायला येऊ शकते. आणि ज्याचा विमाच काढला नाही त्याची भरपाई मालकाच्या गळ्यात, वर गुन्हा. अकरा माणसांच्या कंपनीत एक मृत्यू म्हणजे कंपनी बुडाली. बुडालेल्या कंपनीकडून भरपाई काढायला कोण जाणार? ढाक्याजवळच्या गावातली त्याची विधवा?

दुसरा कागद पब्लिक लायबिलिटीचा, म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्यांना आणि लोकांच्या मालमत्तेला झालेल्या नुकसानीचा. हा विमा कायद्याने सरसकट सक्तीचा नाही, पण कंत्राट देणारे मागतात. मित्राच्या एका काँडोच्या कंत्राटात दहा लाख डॉलरची अट होती. स्वस्त कोटेशनमध्ये दहा लाखांचा आकडा होता, ठळक अक्षरात. दुसऱ्या पानावर, बारीक अक्षरात, काय धरलं जाणार नाही त्याची यादी: जमिनीखालच्या केबल आणि पाइप नाहीत, ठरावीक उंचीच्या वरचं काम नाही, आणि ज्या वस्तूवर काम चालू आहे तिचं नुकसान नाही. आता मला सांगा, बागकामवाल्याने खणायचं नाही, चढायचं नाही आणि ज्याला हात लावला ते मोडायचं नाही, तर विमा उरला कशाचा? छत्री आहे, फक्त पावसात उघडत नाही.

"अरे पण आमची माणसं काळजीपूर्वक काम करतात," मित्र म्हणाला.

करत असतील. पण काळजी आणि विमा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ११ फेब्रुवारी २०१७ ला इथल्या बोटॅनिक गार्डन्समध्ये टेम्बुसूचं एक झाड मुळासकट कोसळलं. सुमारे २७० वर्षांचं, ४० मीटर उंच. काही महिने आधीच त्याची तपासणी झाली होती आणि ते निरोगी ठरलं होतं. त्याखाली एक भारतीय महिला मरण पावली. झाडांची इतकी निगा राखणाऱ्या शहरात, तज्ज्ञांच्या डोळ्यांसमोरचं झाड. आम्ही पूल बांधतो तेव्हा हिशेबाने लागेल त्याच्यापेक्षा जास्त ताकद ठेवतो. ती आमचं गणित चुकलं म्हणून नाही, तर गणितात न आलेलं काहीतरी जगात नेहमी असतं म्हणून. विमा म्हणजे तेच. आपण निष्काळजी असल्याची ती कबुली नाही.

त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबईत चेंबूरला सकाळी चालायला निघालेल्या एका महिलेवर नारळाचं झाड पडलं आणि ती गेली. ते झाड काढायची परवानगी आधी मागितली होती आणि पालिकेने ते धोकादायक नाही म्हणून सांगितलं होतं, अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या. म्हणजे झाड इथेही पडतं, तिथेही पडतं. फरक झाडात नाही. फरक आहे तो त्यानंतर कोणाच्या खिशात हात घालायचा हे आधीपासून ठरलेलं असण्यात.

आता येतो आपल्याकडे. आणि इथे मला मित्राला नावं ठेवायचा अधिकार उरत नाही.

काही वर्षांपूर्वी सुट्टीत पुण्याला गेलो होतो. वडील तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी. पावसाळ्याआधी आवारातले नारळ आणि एक जुना गुलमोहर साफ करायचा होता. तीन कोटेशनं आली होती. वडिलांनी माझ्यापुढे ठेवली, "बघ रे, तू इंजिनिअर आहेस." (हे वाक्य माझ्या कुंडलीतच असावं.) एक मोठ्या नर्सरीचं, महाग. त्यात माणसांचा विमा आणि सेफ्टी बेल्ट लिहिलेले होते. दुसरं मधलं. तिसरं वहीच्या पानावर, त्यात फक्त एक आकडा. मी पेपरवरची नजरही न काढता म्हणालो, "तिसरं घ्या की. झाडं तर कापायचीयत."

तिसरं घेतलं. दोन भाऊ आले, एक कोयता आणि एक दोर घेऊन. धाकटा गुलमोहरावरून पडला. तो वाचला, पण कमरेला जबर मार बसला. रिक्षात घालून नेला. सोसायटीने वर्गणी काढली. मी पण दिली, जरा जास्तच दिली, आणि चार दिवसांनी विमानात बसलो. पुढे वडिलांकडून कळलं की तो आता झाडावर चढत नाही, कुठेतरी वॉचमन आहे.

त्या पहिल्या आणि तिसऱ्या कोटेशनमध्ये जो फरक होता, तो त्या पोराच्या कमरेने भरला. आम्ही वाचवलेले पैसे वाचले नव्हतेच, फक्त त्याच्या अंगावर ढकलले होते. सगळ्यात स्वस्त कोटेशन म्हणजे बहुतेक वेळा हेच: विम्याच्या जागी माणूस ठेवलेला असतो.

आता कोणी म्हणेल, कायदा आपल्याकडेही आहे. आहे ना! आणि चांगला जुना, १९२३ सालचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली. जुन्या कायद्यातलं गणित कागदावर वाईट नव्हतं. २०२० पासून पगार जास्तीत जास्त महिना १५,००० रुपये धरत. तिशीतला माणूस कामावर गेला तर त्याच्या निम्म्याला २०७.९८ ने गुणायचं, म्हणजे साधारण १५ लाख ६० हजार रुपये. पण या कायद्याने मालकाला 'भरपाई दे' म्हणून सांगितलं, 'त्यासाठी विमा काढच' असं सांगितलं नाही. ईएसआय साधारण दहा माणसांपासून पुढे. मग दोन भाऊ, एक कोयता, एक दोर अशी जी 'कंपनी' आहे तिच्याकडून १५ लाख कोण आणणार? कायदा आहे, पैसे नाहीत. विमा नसलेली भरपाई म्हणजे न वटणारा चेक.

दुचाकीला थर्ड पार्टी विमा लागतो हे आपल्याकडे कॉलेजच्या पोरालाही माहीत असतं. आपल्या गाडीने दुसऱ्याला लागलं तर त्याला पैसे मिळालेच पाहिजेत, हे तत्त्व आपण रस्त्यावर मान्य केलंय. मग झाडावर, पराचीवर, लिफ्टच्या खड्ड्यात का नाही?

याचं कारण, मला वाटतं, आपल्या मनात विमा म्हणजे एलआयसी. म्हणजे बचत, कर वाचवणं, पोरीच्या लग्नाला मिळणारे पैसे. "परत किती मिळणार?" हा आपला प्रश्न. ज्या विम्यात काही न होता वर्ष गेलं तर पैसे 'वाया' जातात, तो आपल्याला फसवणूक वाटतो. अहो, काही झालं नाही हेच तर मिळालं!

"आपल्याकडे परवडत नाही" हे दुसरं पालुपद. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता आहे वर्षाला २० रुपये. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आलं तर २ लाख. बँकेत खातं असलेल्या १८ ते ७० वयाच्या कोणालाही मिळतो. २ लाख काही फार नाहीत, मान्य. आणि त्याने मालकाची जबाबदारी संपत नाही. पण वीस रुपये परवडत नाहीत असं झाडं कापून घेणाऱ्या सोसायटीने म्हणू नये. परवडण्याचा प्रश्न नसतोच, कोणी विचारत नाही हा प्रश्न असतो.

याचा अर्थ सिंगापूर म्हणजे स्वर्ग, असं मी म्हणत नाहीये. इथे कामगार अजून लॉरीच्या मागच्या उघड्या हौद्यात बसून कामावर जातात, आणि त्यावर इथल्या संसदेतही वर्षानुवर्षं वाद झालेत. सप्टेंबर २०२० पासून कामावरच्या इजेसाठी एका दिवसाची रजा मिळाली तरी मालकाने सरकारला कळवायचं असतं, पण कोपऱ्यावरच्या डॉक्टरला रोख पैसे देऊन 'रजा लिहू नका' सांगायचा मोह मालकांना होतोच. कामगाराचा परवाना मालकाशी बांधलेला, तो तक्रार कशाला करतोय? घरकामाला येणाऱ्या बायका तर 'विका'त धरलेल्याच नाहीत, त्यांच्यासाठी वेगळा विमा असतो. म्हणजे लोक इथेही तेच आहेत, आपल्यासारखेच. माझा मित्र काय वेगळा आहे? फक्त इथे स्वस्त कोटेशनला तळ आहे, त्याखाली जाता येत नाही. तो तळ कायद्याने घातलाय, चांगुलपणाने नाही.

असो. तर मित्राला शेवटी काय सांगितलं? तुमचा बागकामाचा, रंगकामाचा, सुतारकामाचा धंदा असेल तर तुम्हालाही तेच सांगेन. माणसं खरी मोजा, रोजंदारीवरची आणि पोटठेकेदाराची धरून. काम खरं लिहा: चढणार असाल तर चढणार, खणणार असाल तर खणणार. पॉलिसीचं पहिलं पान नंतर वाचा, आधी 'यात येत नाही'चं पान वाचा, आणि मागच्या महिन्यात केलेली कामं त्याच्याशी ताडून बघा. प्रत्येक क्लेममध्ये पहिले किती पैसे तुमचे, ते विचारा, आणि तेवढे उद्या सकाळी तुमच्याकडे असतील का ते स्वतःला विचारा. आणि कामगाराला सांगा की त्याचा विमा आहे, त्याच्या भाषेत सांगा. ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी तो नसल्यासारखाच.

आणि तुम्ही काम करून घेणारे असाल, सोसायटीचे सेक्रेटरी, बंगल्याचे मालक, तर एकच प्रश्न: "तुमच्या माणसांचा विमा आहे का? कागद दाखवा." नसेल तर त्याचे पैसे तुम्ही द्या आणि कोटेशनमध्ये धरा. त्याने कोटेशन महाग होणार नाही. ते तेवढंच होतं, फक्त आता खरं दिसेल.

मित्राने अकरा माणसं लिहून, उंचीची कामं लिहून नवीन कोटेशन मागवलं. वाढलेला फरक त्याच्या लॉऱ्यांच्या महिन्याच्या डिझेलइतकाही निघाला नाही. तरी सही करताना कुरकुरलाच, "वर्षभर काही झालं नाही तर एवढे पैसे पाण्यात."

मी म्हटलं, देवाला हेच माग. पाण्यातच जाऊ देत.